शेवटची बकरी

— एकानंबी इस्वास ठेवला न्हाई माज्यावर, एकानंबी! अख्ख्या खर्डा गावात बकरीचोर म्हनून नाव पडलं, आन् पाडलं कुनी? सख्ख्या नवऱ्यानं. इकडं बघा कारभारी, भिंतीकडं काय बघता? वारं गेलंय अंगावरनं, जीभ गेली, डोळं हायत अजून. पापनी एकदा मिटली का व्हय, दोनदा मिटली का न्हाई — डॉक्टरनं शिकवलंय ना? मंग आज बोलायचं. पोटावर वाघ-बकरीचा पाट ठिवलाय, जड हुतोय? हू द्या. तुरीचं दानं म्हंजी माज्या बकऱ्या, आन् वाघाच्या जागी तुमच्याच बुद्धिबळातला राजा बसवलाय. बघा कसा दिसतोय बापुडा.

बुद्धिबळाला डोकं लागतं आन् वाघ-बकरी शेरडं राखनाऱ्यांची — असंच सांगायचा ना पोरास्नी? मी चौथी शिकलेली, पर ऐका. तुमच्या पटावर दोन्हीकडं सारखीच फौज. ह्याला हत्ती तर त्यालाबी हत्ती. त्यात काय अवघड वो? हितं एकाला दात, दुसरीला नुसती पाठ. वाघ उडी मारून बकरी खातो, बकरी त्याला खात न्हाई. वर समद्या मांडून झाल्याबिगर एकबी हलवायची न्हाई — समोर मरान दिसलं तरी जागा सोडायची न्हाई! आन् वाघाला मारायचं न्हाईच, चारी बाजूनी बसून त्याचं हलनं बंद करायचं. हे अवघड. ह्या घरात मी दुसरं काय केलं?

त्या जत्रंत देवळाच्या वट्यावर वाघ तुमचा, बकऱ्या माज्या, आन् शेवटची बकरी माज्या हातात हुती. ठिवली का वाघ कोंडला. तवर तुमी वरडला — हिनं मांडलेली बकरी सरकवली! दाना सरकला हुता, खरं हाय. मी न्हाई सरकवला. पर गाव हसलं. गिरनीत गेले तरी बाया पिठाचा डबा पदराखाली घ्यायच्या, आन् दात काढायच्या.

आता लेक येतीया जीप घिऊन, तुमाला बेलापूरला न्यायला. जा खुशाल. पर खरं सांगून जा, तवर पानी न्हाई. तांब्या दिसतोय ना? मंग दिसू द्या.

मी सरकवला? — दोनदा! न्हाई म्हनता! इतकी वर्सं कुठं गेल्ती ही पापनी? मंग तुमी? — न्हाई? खोटं बोलू नका, पाटापाशी तिसरं हुतंच कोन? समदे खाली हुभे. वर मी, तुमी, आन् तुमच्या मांडीवर बसलेली ती, बाप हरतोय म्हनून व्हट काढनारी —

पापनी का मिटली? एकदाच का मिटली?

म्हंजी ठावं हुतं तुमाला! लेक झाकली आन् बायको चोर केली —

रडू नका, पानी वाया चाललंय. हॉर्न ऐकला? आता तुमी कुठं जात न्हाई. शेवटची बकरी ऱ्हायलीय माज्या हातात. ये गं, ये, चपला काढून आत ये, बापाच्या उशाशी बस, मला इचारायचंय तुला — स्नेहल.