पुसलेला मेल

आपण पुसून टाकलेला मेल जातोय कुठं, हे मला परवापर्यंत म्हाईतच नव्हतं. जेवल्यावर ताट धुवून ठेवावं तसा मी मेल वाचला की डिलीट करतो. उचगावच्या आमच्या वर्कशॉपचे सगळे मेल मीच बघतो, आणि माझा भागीदार बसूअण्णा मशीनवर असतोय.

परवा पुण्याच्या गिऱ्हाइकानं पंपाची सगळी झाकणं परत धाडली. म्हणतोय, भोकाचं माप बदललंय, गेल्या महिन्यात मेल केलता. मी फोनवर त्याला असा झाडला की काय सांगू. "मेल आलाच न्हाय, उगं खोटं बोलू नका," म्हटलं.

अण्णा म्हणाला, "थांब की जरा. सविताला विचारू."

सविता म्हंजे त्याची पोरगी. तिनं आमच्या मेलचा बॅकअप क्लाऊडवर लावून ठेवलाय, हे मला तवाच कळलं.

"पण मी पुसलेलं तिथं कसं असंल?" मी विचारलं.

"काका, आलेल्या-गेलेल्या मेलची नक्कल लगेच तिकडं जाते. मग तुम्ही काय बी पुसा."

तिनं शोधलं, तर मेल निघाला की. खाली माझंच उत्तर: 'मिळालं. नव्या मापानं करतो.'

मी हळूच विचारलं, "सविता, तिथलं पुसायचं बटण कुठं असतंय गं?"

"हाय की काका. पण पासवर्ड बाबांकडं असतोय."

अण्णानं गिऱ्हाइकाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.