निंग्रुमच्या चौदा ओळी

...चौदा ओळी! अहो, त्याच कामाला माझ्या प्रोग्रॅमच्या बावीसशे, आणि या निंग्रुमच्या चौदा! आता मी जळतोय असं नाही हां. मुळीच नाही. पण तुम्हाला सांगतो, ज्वालामुखीचे हादरे मोजायच्या या कचेरीत, डोंगराच्या पायथ्याशी, सत्तावीस वर्षं काढलीत मी. हादऱ्यांची फाइल म्हणजे काय? नुसती बाइटांची माळ! वेळ कुठे संपते, हादरा कुठे सुरू होतो, काही लिहिलेलं नाही. प्रत्येक यंत्राची तऱ्हा निराळी, म्हणून प्रत्येकासाठी मी निराळा प्रोग्रॅम लिहायचो... हातानं... महिना महिना!

आणि ही आली परवा परवा. आल्या आल्या गोड आवाजात (पाक म्हणजे आमच्याकडे काका हां), "पाक कुन्चोरो, दर वेळी सगळं कशाला लिहायचं हो? आपण एक छोटी भाषाच करू या ना! फाइलची मांडणी तेवढी सांगायची. आधी चार बाइट वेळ, मग हादरे किती ते, मग प्रत्येक हादऱ्याला दोन बाइट. वाचणारा प्रोग्रॅम मशीनच बनवेल!"

मी म्हटलं, "पोरी, भाषा माणसांशी बोलायला असते." ती हसली. आणि केली की हो भाषा! अख्ख्या फाइलची मांडणी तिच्यात चौदा ओळींत! सगळे माना डोलावतायत, "वा निंग्रुम, वा निंग्रुम!" मला कुणी वा म्हटलं होतं? जळतोय असं नाही हां, विचारतो आपलं.

तर गेल्या महिन्यात डोंगर गुरगुरायला लागला. आमच्या साहेबीणबाई, बू हार्तिनी (बू म्हणजे बाई), म्हणाल्या, "मागच्या उद्रेकाआधीचे हादरे बघायचेत. आत्ताचे तसेच असले, तर वरची तीन गावं खाली करायची. किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "तीन आठवडे."

निंग्रुम म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

आणि सुट्टीला आलेख भिंतीवर! नऊ तारखेपर्यंत बारीक हादरे, आणि नऊनंतर... बाप रे, नुसते सुळके! बू हार्तिनींनी सुस्कारा सोडला. "म्हणजे तेव्हा एवढे मोठे होते! आत्ताचे तर किरकोळ. राहू देत माणसं घरात."

आणि मला, तुम्हाला सांगतो, आतून गुदगुल्या झाल्या! कारण तेव्हा, नऊ तारखेला, त्या यंत्राचं नोंदी लिहिणारं कार्ड बदललं होतं कुणी? मी! नवं कार्ड प्रत्येक हादऱ्याचे दोन बाइट उलट्या क्रमानं लिहायचं. तिनाचे सातशे अडुसष्ट व्हायचे! सुळके कसले डोंबलाचे, हादरे आत्ताइतकेच बारीक होते! चुकली! निंग्रुम चुकली! मी गुडेगचा, म्हणजे फणसाच्या भाजीचा, घास घेतला, गप्प बसलो, चावत राहिलो... जळत नव्हतो हां, जेवत होतो... आणि मग आठवला वरच्या गावातला पाक सार्जिमान. यंत्र बघायला गेलो की जबरदस्तीनं चहा पाजणारा, पांगळ्या बायकोला उचलून उन्हात बसवणारा. ताट तसंच टाकलं, ओरडलो, "बू, थांबा! बाइट उलटे आहेत!"

वाटलं, आता हिचं तोंड उतरेल. कुठलं काय! "पाक, कुठपासून उलटे?" विचारलं, भाषेत एक नवा शब्द घातला, पंधरावी ओळ लिहिली, आणि सुळके गायब! संध्याकाळच्या आत गावं खाली झाली. चौथ्या दिवशी डोंगर फुटला, घरांवर हातभर राख... पण माणूस एकही गेला नाही. सार्जिमान शिबिरात चहा उकळत होता.

मग निंग्रुम आली, डोळे भरलेले. "पाक, तुम्ही नसता तर... म्हणून तो नवा शब्द मी तुमच्या नावानं ठेवलाय. बाइट उलटे असले की लिहायचं, कुन्चोरो!"

नाही म्हणता येतं का हो असल्या वेळी?

आता दिवसभर कचेरीत सुरू असतं... "अगं, ही फाइल कुन्चोरो आहे!" "चांगली चाललेली, मध्येच कुन्चोरो झाली!" आणि दर वेळी मी "काय?" म्हणून उठतो... आणि परत बसतो.