शेवटचं बोरन्हाण

सीताबर्डीवर विमानाच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. बाईच्या कडेवर मुलगी झोपली होती.

“पॅरिसच घेऊ वं. खापरखेड्याची सारी कॉलनी पॅरिसले कधी जाता, तेच विचारून राहिली.”

“कॉलनीचं राहू द्या. आपण व्हिएन्नाले जाऊ, माझ्या बहिणीकडे, देवकीकडे. अन् संक्रांतीलेच जाऊ.”

“जानेवारीत? बर्फ पडते तिथं! पोरगी गारठून जाईन.”

“बोरन्हाण घरातच होते. बोरं, हलव्याचे दागिने, सारं इथूनच नेऊ.”

“दरवर्षी तर करतो आपण. यंदाही इथंच करू. उन्हाळ्यात पॅरिस पाहू.”

“पाचव्या वर्षानंतर बोरन्हाण करत नाहीत. रंजूचं हे शेवटचं आहे.”

“म्हणून एवढ्या दूर?”

“पॅरिस कुठं पळून जात नाही जी. देवकीच्या लग्नाले इतकी वर्षं झाली, तिच्या घरात अजून कोणाच्या डोक्यावरून बोरं पडली नाहीत.”

रांग सरकली. नवऱ्यानं मुलीला अलगद आपल्या खांद्यावर घेतलं.

“बोला साहेब, कुठलं तिकीट?”

“व्हिएन्ना. संक्रांतीच्या आधी पोचलं पाहिजे. अन् विमानात बोरं नेऊ देतात का जी?”