कान धरून विकलेली चिक्की

—सांगतो ताई, ताजी आहे का ते सांगतो, पण आधी ही एक उठाबशी होऊ द्या… हं, झाली. सतरावी. घाबरू नका, मी काही गुन्हा केलेला नाही. आणि पोरीला सांगा, शूटिंग नको — मागच्या रविवारी एकाने केलं आणि खाली लिहिलं, 'शिळी चिक्की विकल्याबद्दल लोणावळ्यात जाहीर माफी'. माफी कसली, व्यायाम आहे हो! वय त्रेपन्न, उपाशीपोटी साखर होती दोनशे दहा. आमचे थोरले बंधू, रखमाजी, त्यांच्या पायाचा अंगठा काढला या साखरेपायी. गावी कुरवंड्यात ओट्यावर बसून उरलेल्या नऊ बोटांकडे बघत असतात. मग मी भ्यालो, मधुमेहाच्या शिबिरात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नथूभाऊ, या वयात एकदम डोंगर चढायला जाऊ नका, टिकत नाही. नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटीला बांधा. आता माझी जुनी सवय कोणती? बावीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे — गिऱ्हाईक विचारतं 'ताजी आहे का?', मी म्हणतो 'सकाळचीच'. झोपेतून उठवून विचारा, सकाळचीच. बांधली उठाबशी तिच्या शेपटीला! तुम्ही विचारायचं, मी बसायचं. शनिवार-रविवारी तर मांड्या दगड होतात.

कान? कान का धरले? — जागा बघा ना. हात पुढे केले की शेंगदाणा, बाजूला केले की काजू. दोन बरण्या फोडल्यावर हातांना जायला कान तेवढे उरले. न धरता बसून पाहिलं, तर तोल जाऊन तराजूवर आपटलो. पण घोळ तिथेच झाला. कान धरले की तोंडातून 'सकाळचीच' निघेना! शाळेत मास्तरांसमोर व्हायचं तेच — खाली जाताना थाप ठरवायची, वर येईपर्यंत खरं बाहेर. 'मंगळवारची आहे.' 'ही मागच्या आठवड्यातली.' एका काकांना तर काजू-चिक्कीत काजू किती तेही सांगून बसलो, त्यांनी विचारलंही नव्हतं.

मालक म्हणाले — गल्ल्यावर पेपर उलटा धरून ऐकतायत ना, ते माधवराव — म्हणाले, नथू, तुझं ते गोदामात जाऊन कर. केलं. पण गोदामात कोण विचारणार, ताजी आहे का? मीच मला विचारायचो. आणि शेजारी तुटक्या चिक्कीच्या चुऱ्याचा डबा — तीन उठाबशा, एक मूठ. तीन उठाबशा, एक मूठ. आमच्या रेणुकाला, बायकोला, हे ठाऊक नाही हां. तिला वाटतं साखर मोजायचं मशीन बिघडलंय. साखर परत चढली तेव्हा आपणहून काउंटरला आलो, आणि बघा — एकशे तीस! दोन महिन्यांत!

आणि काल मालकांनी निकाल दिला: एक तर कान सोड, नाहीतर काउंटर सोड. आजचा दिवस मुदत. खरं सांगू? मघापासून बडबडतोय ते तुम्हाला द्यायचं उत्तर लांबवायलाच. ते ऐकतायत. त्रेपन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार? आणि एकच शब्द तर म्हणायचाय. बावीस वर्षं म्हटला, अजून एकदा. हे बघा, कान सोडले. हात खाली. मालक, बघताय ना? हं. ताई, विचारा पुन्हा. विचारा, विचारा.

—गेल्या गुरुवारची आहे.

अरे देवा. न धरताच आलं की. हे काही डॉक्टरीणबाई बोलल्या नव्हत्या.

तिळाची कालची आहे, हवी तर — नको? बरं. नका घेऊ. आलो मालक, आलो, ओरडू नका, गिऱ्हाईक आहे. ताई, तुम्ही निघा आता. पोरीला गाडीत बसवा आणि काचा वर करून घ्या.