फायलीचं शेपूट

नवेगाव बांधच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या रुख्माबाईचे कान शेजारच्या बापलेकीकडे लागले होते.

“महिनाभर कंप्युटरपुढं बसून लिनक्सच्या फायलींची फक्त नावं बदलवली?”

“हो बाबा. मूळ फाईल अन् तिच्यावर चढवाची पुरवणी, दोघींच्या नावाचं शेपूट ‘डीटीएस’च होतं. आता पुरवणीचं ‘डीटीएसओ’ केलं.”

“अन् आतलं?”

“आतलं तेच.”

“मंग नाव काऊन बदलवलं? काही लपवाचं असलं तरच मानूस नाव बदलवते.”

“आमी तर कोनती फाईल कोनती ते ओळखू यावं म्हणून बदलवलं. लपवाले तर तुमी आडनाव गाळलं, कुडव्यात भाड्यानं घर घेतानी.”

“हळू बोल, पोरी.”

रुख्माबाई बाकावर जराशी जवळ सरकली.

“भाऊ, आडनाव काय म्हणलं तुमचं?”