एका झाडाची गुलबक्षी

“‘पट्टी सुटली की आधी माझी गुलबक्षी दाखव,’ आई म्हणाली होती ना, अल्पेश?”

अंधेरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावरच्या बहीणभावाचं बोलणं कानी पडलं आणि मालतीबाईंची जपमाळ थांबली.

“ताई, पट्टी उद्या सकाळी दहाला काढणार. गुलबक्षी संध्याकाळी उमलते. जास्वंद दाखवू ना.”

“जास्वंद लाल, हे ती न बघताही सांगेल रे. आपल्या गुलबक्षीचं एकाच झाडावर प्रत्येक फूल वेगळं. एक पिवळं, एक गुलाबी, एखादं शिंतोड्यांचं.”

“आणि नाहीच सांगता आलं तर? एकच डोळा उरलाय यार तिचा!”

“खोटा धीर देणार नाही, असा शब्द दिलाय मी तिला.”

“पण वेळ बदलली तर डॉक्टर ओरडतील हां.”

ताई उठली. नर्सच्या खिडकीपाशी जाऊन हळूच म्हणाली, “सिस्टर, उद्या आईला संध्याकाळची वेळ मिळेल का?”