पंपाची खटखट

राऊच्या गॅरेजात लूनाचा प्लग साफ होईपर्यंत देवयानीबाई बाकावर टेकल्या होत्या. समोर एका जुन्या फियाटचं बॉनेट उघडं होतं आणि मिस्त्री गाडीवाल्या म्हाताऱ्याला फैलावर घेत होता.

"काका, हा पेट्रोलचा बिजलीवाला पंप कुणी बसवला?"

"मीच. मिल बंद पडली त्या साली."

"बसवला बरोबर, पण प्रेशर फार आहे. कार्बोरेटर भरून पेट्रोल बाहेर सांडतंय. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून बसता का?"

"बसतो. दुपारी, दोन-तीन तास."

"दोन-तीन तास! करता काय गाडीत?"

"काही नाही. पंप खटखट करतो, ते ऐकतो."

"हे काय झालं काका?"

"तीस वर्षं मिलमध्ये मागांवर होतो, भिया. घरात फारच चुपचाप असतं."

"अहो, आग लागेल एक दिवस! मी प्रेशर कमी करून देतो. मग कार्बोरेटर भरला की पंप आपोआप गप्प."

"गप्प म्हणजे? आवाज बंद?"

"एकदम बंद. हेच तर पाहिजे ना?"

म्हाताऱ्यानं बॉनेटवरची धूळ बाहीनं पुसली. सगळी पुसून झाल्यावर तो बोलला.

"आणि पेट्रोलच नसलं तर?"

"मग कसला थांबतो! कोरडाच खटखटत राहील."

"तर मग टाकी रिकामी करा आणि नळी काढून टाका."

"काका, मग गाडी चालणार कशी?"

"जायचंय कुठं, भिया?"